भुरक्याने न दाबलेलं शून्य

माळावर मोजणीला आलेली माणसं आपला कॅल्क्युलेटर विसरून गेली, त्याला आता कैक पावसाळे झाले. तो उन्हावर चालायचा आणि विचारलं तर बोलायचाही. भुरक्या सशाने तो आपल्या बिळाच्या तोंडाशी, उजेडात ठेवला होता.

अलीकडे माळावर रोज सकाळी कोल्ह्याचं नवं पाऊल दिसू लागलं होतं. बिळात कालपरवा जन्मलेली पिल्लं होती.

"अहो, मुलांना आत्ताच्या आत्ता हलवू या," सशीण म्हणाली.

"थांब गं, आधी सरासरी काढू. उगाच कशाला भ्यायचं?" भुरक्या म्हणाला. कुठलं पाऊल बिळापासून किती उड्यांवर होतं, ते तो एकेक करून दाबू लागला. पन्नास, चाळीस, तीस. आजच्या पावलाची पाळी आली, तसं त्याने सरळ सरासरीचं बटण दाबलं.

"चाळीस उड्या," कॅल्क्युलेटर म्हणाला. "पण आकडे तीनच आले. पावलं किती दिसली?"

"चार," भुरक्या पुटपुटला. "आजचं अगदी बिळाच्या तोंडाशी होतं. म्हणजे शून्यच की! शून्याने बेरजेत काय फरक पडतो?"

"बेरजेत नाही पडत. सरासरीत पडतो. दाब."

भुरक्याने डोळे घट्ट मिटून शून्य दाबलं. उत्तर बघायला डोळे उघडले, तर आकडे विरत चालले होते.

"बिघडलास का रे?"

"नाही," कॅल्क्युलेटर क्षीण आवाजात म्हणाला. "माझ्यावरचं ऊन कुणीतरी अडवलंय."