न कोसळलेला उतार

हिमालयात माणसांनी वाटा पाडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. याकांचा एक उपाशी कळप खिंडीकडे निघाला होता. सर्वांच्या पुढे धिप्पाड गोम्बू होता. आता एकच उतार उरला होता आणि त्याच्यापलीकडे वाळकं गवत दिसत होतं.

उताराच्या कडेशी कळपातली म्हातारी ल्हामो थांबली. तिने इतक्या हिवाळ्यांत एकही जनावर गमावलं नव्हतं. वाऱ्याने तिथे ताजा बर्फ आणून टाकला होता. तिने खूर दाबला, तसा आतून ‘धप्प’ असा आवाज आला.

“वरचा थर नवा आहे, खालचा भुसभुशीत. हा उतार कोसळेल. मागे फिरा, डोंगराच्या धारेवरून जाऊ.”

“आजी, दोन दिवस लागतील,” गोम्बू करवादला. पण कळप तिच्यामागे वळला, तेव्हा तोही निमूट निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याने धारेवरून खाली पाहिलं. उतार जसाच्या तसा चकाकत होता.

“बघ, कुठे कोसळला? उगाच उपाशी ठेवलंस आम्हाला.”

“कोसळेल कसा?” ल्हामो म्हणाली. “त्याच्यावर तू कुठे होतास?”

गोम्बूने आपल्या दणकट खुरांकडे पाहिलं. मग तो पुढे झाला आणि छातीने बर्फ फोडत तिच्यासाठी वाट करू लागला. फक्त प्रत्येक वळणावर तो थांबे आणि विचारी, “आजी, इकडून जाऊ?”