मागच्या परीक्षेचा शहाणा

एका गावात त्र्यंबक नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. 'भोळा' हा शब्द गावाने सभ्यपणाने निवडला होता. देवाने त्याला बुद्धी दिली नव्हती, असे नाही. दिली होती, वापरण्याची सक्ती मात्र केली नव्हती.

त्र्यंबकाचे वडील गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. ते वारले. वाचनालयाचे अध्यक्ष मल्हारराव यांनी ती जागा त्र्यंबकासाठी राखून ठेवली. तूर्त किल्लीही त्याच्याच हाती दिली. पण अट घातली.

"पदवी आण आणि खुर्चीवर बैस. पुढच्या पाडव्यापर्यंत नाही आणलीस, तर जागा आमच्या मेहुण्याला."

मेहुण्यापाशी पदवी होती. पुस्तकांविषयी त्याच्या मनात कोणताही पूर्वग्रह नव्हता, कारण ती त्याने कधी उघडलीच नव्हती.

त्र्यंबकाचे कॉलेज शेवटच्या वर्षी सुटले होते. एका विषयाचे श्रेयांक तेवढे कमी पडत होते. विद्यापीठाने अशा मंडळींसाठी एक सोय केली होती. वर्गात बसायला नको, हजेरी नको. घरी अभ्यास करावा, परीक्षा द्यावी. उत्तीर्ण झाले की त्या विषयाचे श्रेयांक नावावर जमा. विषय चार ठेवले होते: इतिहास, नीतिशास्त्र, गणित आणि ग्रंथालयशास्त्र. परीक्षा वर्षभर ओळीने होत्या. एकीत निभावले तरी पदवी पुरी होत होती.

"चार दारं उघडी आहेत," त्याची बायको सगुणा म्हणाली. "एका तरी दारातनं आत शिरा. त्या मेहुण्याच्या बायकोपुढं मला मान खाली घालायला लावू नका."

त्र्यंबक पंत गुरुजींकडे गेला. गुरुजी गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ओट्यावर सुपारी कातरीत बसले होते.

"गुरुजी, इतिहासाची परीक्षा आहे. अभ्यास कसा करू?"

"पुस्तक घे. मन लावून वाच. रोज वाच. मध्ये खंड पडू देऊ नकोस."

मन लावून आणि खंड न पडू देता काय वाचतात, हे त्र्यंबकाला लहानपणापासून ठाऊक होते. घरी पोथी वाचत. म्हणून त्याने इतिहासाच्या पुस्तकाचे पारायण मांडले. पहाटे स्नान केले, सोवळे नेसले, चौरंगावर पुस्तक ठेवले, त्याला हळदकुंकू वाहिले आणि समई लावून मुखपृष्ठापासून आरंभ केला. मुद्रकाचे नाव, प्रकाशकाचा पत्ता, पुस्तकाची किंमत, सर्व काही भक्तिभावाने म्हटले.

"अहो, आमटीत मीठ मी घातलंय का तुम्ही?" सगुणेने विचारले.

त्र्यंबकाने हाताने खूण केली. अध्याय संपल्याशिवाय बोलता येत नव्हते. त्या दिवशी आमटी अळणी झाली. शेवटी उद्यापन झाले, पुरणाचा नैवेद्य झाला. पुस्तक मुखोद्गत झाले. फलश्रुती तेवढी उरली होती. ती परीक्षागृहात मिळणार होती.

मिळाली. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे छापलेली होती. योग्य उत्तराचे वर्तुळ काळे करायचे होते. पहिला प्रश्न एका तहाविषयी होता. तह शेवटच्या प्रकरणात होता. पण पोथी मधूनच उघडत नाहीत. त्र्यंबकाने डोळे मिटले आणि मुद्रकाच्या नावापासून मनातल्या मनात सुरुवात केली. तिसऱ्या प्रकरणापर्यंत आला, तोच शेजारचा परीक्षार्थी शिंकला. खंड पडला. त्र्यंबकाने पुन्हा मुद्रकाचे नाव घेतले.

घंटा झाली तेव्हा तो तहाच्या अलीकडच्या लढाईत होता. उत्तरपत्रिका अखेरपर्यंत सोवळ्यात राहिली. तिला शाईचा विटाळ झाला नाही.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अरे, उत्तरं समोर छापलेली होती! प्रश्न बघायचा, खूण करायची, पुढं जायचं. एकाच प्रश्नापाशी ठिय्या मारून बसायचं नाही. येवो न येवो, खूण केल्यावाचून प्रश्न सोडायचा नाही."

"एवढंच ना? आता कळलं, गुरुजी."

कळले होते, हे खरे. मात्र ते मागच्या परीक्षेचे कळले होते.

पुढची परीक्षा नीतिशास्त्राची. ते पुस्तक त्र्यंबकाने उघडलेच नाही. त्याने खुणांचा सराव केला. भिंतीवर केला, पाटावर केला, परसातल्या भोपळ्यांवर कोळशाने केला. हात असा बसला की सगुणेने जेवताना "भात वाढू का?" म्हटले, की तो हवेत एक खूण करी.

परीक्षेत पहिला प्रश्न होता: 'सत्य बोलणे हे सर्व प्रसंगी कर्तव्य आहे काय? सविस्तर चर्चा करा.' त्र्यंबकाने प्रश्न पाहिला, खूण केली, पुढे गेला. दुसरा प्रश्न होता: 'लोभाचे दुष्परिणाम विशद करा.' तिथेही खूण केली. असे करत शेवटच्या प्रश्नापर्यंत गेला. तो उठला आणि पेपर घेऊन पर्यवेक्षकांपुढे उभा राहिला.

"काय हो, पाणी हवंय?"

"नको. झालं माझं."

"काय झालं?"

"पेपर झाला."

"अहो, आत्ता तर वाटला!"

"तुम्ही वाटलात. मी सोडवला."

पर्यवेक्षकांनी पाने उलटली. "ही रेघ कसली?"

"खूण आहे ती. एकही प्रश्न रिकामा सोडलेला नाही, बघून घ्या."

पर्यवेक्षकांनी बघून घेतले. धर्म, अधर्म, सत्य, लोभ, सर्वांपुढे एकसारखी खूण होती. नीतीचा इतका झटपट निकाल आजवर कोणत्याही ऋषीला लावता आला नव्हता. परीक्षकाने मात्र त्र्यंबकाचा निकाल त्याहूनही झटपट लावला.

सगुणा रडकुंडीला आली. "मेहुण्याची बायको आज मुद्दाम वाचनालयावरनं गेली. आत डोकावून म्हणते कशी, खिडक्यांना पडदे अबोली रंगाचे शोभतील. आमच्याच तोंडावर!"

"तू काळजी करू नकोस. अजून दोन दारं आहेत," त्र्यंबक म्हणाला आणि गुरुजींकडे गेला.

"त्र्यंबका, अरे गाढवा, तिथं लिहायचं होतं!" गुरुजींचा अडकित्ता हातातून सुटला. "आधी प्रस्तावना करायची. मग विषय फुलवायचा. दाखले द्यायचे, एखादी उपमा घालायची, शेवटी उपसंहार. पुरवणीवर पुरवणी लावायची. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, गड्यानं विचार केलाय."

"असं होय! आता कळलं."

पुढची परीक्षा गणिताची.

त्र्यंबकाने उपमा पाठ केल्या. दृष्टान्त गोळा केले. गावात कीर्तन झाले, तर तो पुढे बसून टिपणे घेऊ लागला. लोक म्हणाले, त्र्यंबक सन्मार्गाला लागला. कीर्तन ऐकणे पुण्याचेच आहे. पण देवाला जो भोळा भाव प्रिय असतो, तो गणिताच्या परीक्षकालाही प्रिय असेल, असे कोणत्याही संताने म्हटलेले नाही.

प्रश्न होता: एका टाकीला दोन नळ आहेत, तळाशी एक छिद्र आहे, टाकी भरण्यास किती वेळ लागेल? त्र्यंबकाने बाह्या सारल्या आणि लिहिले:

'पाणी हे जीवन आहे. टाकी ही मानवी देहाची प्रतिमा होय. वरचे दोन नळ म्हणजे माता आणि पिता. ते अहोरात्र संस्कारांचा वर्षाव करतात. परंतु हाय! तळाशी व्यसनाचे छिद्र आहे...'

छिद्रावर तो रंगात आला. पुरवणी मागितली. पुन्हा मागितली.

"अहो, गणित आहे ना?" पर्यवेक्षक म्हणाले. "गणिताला एवढा कागद?"

"माता-पिता झाले. छिद्राचं बरंच राहिलंय अजून."

उपसंहारात त्याने लिहिले: 'तात्पर्य, टाकी केव्हा भरेल हे ईश्वराच्या अधीन आहे. माणसाने फक्त छिद्र बुजवावे.' बोध उत्तम होता. गुण शून्य होते. परीक्षकाने खाली शेरा मारला: 'हस्ताक्षर सुंदर. कीर्तनास उभे राहावे.'

आता एकच परीक्षा उरली. मल्हाररावांच्या मेहुण्याने खुर्चीवर बसून पाहिले आणि ती जरा उंच आहे, अशी तक्रार केली.

गुरुजी या वेळी रागावले नाहीत. माणूस थकला, की शांत दिसतो.

"त्र्यंबका, नीट ऐक. गणित वाचून येत नाही, आळवून येत नाही. ते हातानं करावं लागतं. पुस्तकात जे जे दिलंय, ते ते स्वतः करून बघायचं. हातानं केलेलं माणूस विसरत नाही. आणि नेमलेलं आहे तेवढंच कर, बाबा. उगाच बाहेर पसरू नकोस."

"आता मात्र अगदी कळलं," त्र्यंबक म्हणाला.

उरलेला विषय ग्रंथालयशास्त्र. आणि आश्चर्य असे, की या वेळी मागच्या परीक्षेचे शहाणपण पुढच्या परीक्षेला चक्क लागू पडले. त्र्यंबक पुस्तक घेऊन रोज वाचनालयात जाऊ लागला. पुस्तकात 'ग्रंथांवर क्रमांक घालावेत' असे होते. त्याने घातले. 'ग्रंथ विषयवार लावावेत' असे होते. त्याने लावले. 'धूळ मऊ फडक्याने झटकावी.' त्याने झटकली. सगुणेने देवापुढे साखर ठेवली. गुरुजी एकदा येऊन पाहून गेले आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "उशिरा का होईना, पावला देव."

मग 'ग्रंथांचे शत्रू' हे प्रकरण आले. त्यात वाळवी होती. ती कपाटाच्या तळाशी कशी शिरते, मातीच्या नळ्या कशा बांधते, वरचे पुठ्ठे शाबूत ठेवून आतली पाने कशी खाते, सर्व वर्णन होते. त्र्यंबकाने कपाटे तपासली. वडिलांनी जन्मभर कपाटांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवला होता. वाळवी औषधालाही सापडली नाही.

तो खिन्न होऊन घरी आला.

"काय झालं?" सगुणेने विचारले.

"वाचनालयात वाळवी नाही."

"मग चांगलंच की!"

"वाचनालयाच्या दृष्टीनं चांगलं. अभ्यासाच्या दृष्टीनं वाईट."

सगुणेला वाटले, विद्वान माणसे असेच बोलत असतील. ती भाकऱ्या थापू लागली.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबक टोपली आणि कुदळ घेऊन माळावर गेला. तिथे एक मोठे वारूळ होते. त्याने आधी नमस्कार केला, कारण नागोबाचे स्थान असू शकते. नाग नव्हता. वाळवी भरपूर होती. त्याने ती मातीसकट टोपलीत भरली, वाचनालयात आणली, वेखंड आणि पाला बाहेर फेकला आणि प्रत्येक कपाटाच्या तळाशी वाळवीची सारखी वाटणी केली. पक्षपात केला नाही. मग दारावर पाटी लावली: 'अभ्यासासाठी वाचनालय बंद.'

वाचनालय बंद आहे, हे गावाच्या ध्यानात यायला बराच काळ गेला.

त्र्यंबक एकटाच आत बसे आणि निरीक्षण करी. पावसाळी ओल होती. अभ्यास झपाट्याने पुढे सरकत होता. "आज कुठवर आलं?" सगुणा विचारी. "आज तिसऱ्या फळीपर्यंत चढलं," तो समाधानाने सांगे. तिला अभ्यासातल्या फळ्या ठाऊक नव्हत्या. ती मनातल्या मनात देवाचे आभार मानी.

फाल्गुनात परीक्षा झाली. प्रश्न आला: 'वाळवीच्या उपद्रवाचे टप्पे निरीक्षणाच्या आधारे लिहा.' त्र्यंबकाने असे लिहिले, की परीक्षक थक्क झाला. पुस्तकात नसलेल्या गोष्टीही त्यात होत्या. काव्यसंग्रह वाळवी आधी खाते आणि शब्दकोश शेवटी, हे त्याआधी कोणी नोंदवलेले नव्हते. त्र्यंबक केंद्रात पहिला आला. श्रेयांक मिळाले. पदवी आली.

पाडव्याच्या दिवशी वाचनालयापुढे गुढी उभारली. गाव जमले. सगुणा नवे लुगडे नेसून मेहुण्याच्या बायकोच्या अगदी शेजारी उभी राहिली. गुरुजींनी योग्य अभ्यासपद्धतीचे महत्त्व या विषयावर चार शब्द सांगितले. मल्हाररावांनी त्र्यंबकाला शाल घातली, नारळ दिला.

"चला, ग्रंथपाल! आज शुभ दिवस आहे. आपल्या हातानं आम्हाला पहिलं पुस्तक द्या."

त्र्यंबकाने कपाट उघडले. दार त्याच्या हातात आले. आत पुस्तके शिस्तीत उभी होती. पाठीवर क्रमांक होते. मल्हाररावांनी एक ओढले. पुठ्ठा हातात राहिला आणि आतली माती त्यांच्या धोतरावर पडली. त्यांनी दुसरे ओढले, तिसरे ओढले. मग दुसरे कपाट उघडले. मेहुण्याने सर्व फळ्यांवरून एकवार नजर फिरवली आणि त्या जागेवरचा आपला हक्क तत्काळ, उदार मनाने सोडला.

"हे काय आहे?" मल्हाररावांनी धोतर झटकत विचारले.

"वाळवी, साहेब."

"आली कुठनं?"

"मी आणली. माळावरनं. स्वतःच्या हातानं."

गुरुजी जागच्या जागी खाली बसले. सगुणेने पदर तोंडावर घेतला.

"अरे, आणलीस ती आणलीस!" मल्हारराव ओरडले. "एवढा वाळवीत पहिला आलास, मग वेळेवर तिचा नायनाट का नाही केलास?"

त्र्यंबकाने शाल सावरली आणि पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला शोभेल अशा नम्रतेने उत्तर दिले:

"नायनाट दुसऱ्या भागात आहे, साहेब. तो परीक्षेला नव्हता."