धनेशाचं अर्धं पान

एका संस्थानात एक पुस्तक होतं, आणि तिथल्या राजाला खजिन्यापेक्षा त्या पुस्तकाचाच तोरा जास्त होता. पुस्तक होतं पक्ष्यांचं. राजाच्या आजोबांनी ते सुरू केलं आणि तीन पिढ्यांत त्यात दोनशेच्या वर पक्षी उतरले. चामड्याची बांधणी, हाताने घोटलेला जाड कागद, कसर लागू नये म्हणून पानापानांत कडुलिंबाचा पाला. चित्रं काढण्याचं काम एकाच घराण्याकडे होतं. आता ते धाकू चिताऱ्याकडे आलं होतं. धाकूला मूलबाळ नव्हतं. त्याचा सगळा जीव त्या पुस्तकात.

कामाची रीत ठरलेली होती. शिकाऱ्याने पक्षी मारून आणायचा. चिताऱ्याने तो पाटावर निजवायचा, चोच आणि पंख दोऱ्याने मापायचे, शेपटीची पिसं मोजून आकडा चित्राखाली लिहायचा. धाकूचे वडील असंच करत, त्यांचे वडीलही असंच. म्हणून तर पुस्तकातल्या हुदहुद्याचा तुरा कायम मिटलेला आणि झाडून सगळ्या पक्ष्यांचे डोळे पेंगुळलेले. धाकूची बायको भागी एकदा म्हणालीही होती, की तुमच्या पुस्तकातल्या पाखरांना झोप फार. धाकूला भारी राग आला होता. वाडवडिलांच्या हातची चित्रं ती, त्यांना नावं ठेवायची म्हणजे काय?

एकच पान कोरं उरलं होतं, धनेशाचं. राजाने हुकूम सोडला, की आजोबांच्या पुण्यतिथीआधी ते भरलं पाहिजे, नाहीतर पुस्तक दुसऱ्या चिताऱ्याच्या हाती जाईल. दिवस वैशाखाचे होते. मारलेला पक्षी रानातून गावात येईतो उन्हाने खराब झाला असता. म्हणून धाकूने रंगाच्या वाट्या बांधून घेतल्या आणि तो बाबल शिकाऱ्याबरोबर स्वतःच निघाला. उभ्या आयुष्यात पक्ष्यासाठी रानात जायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

एका जुन्या झाडाखाली बाबल थांबला. वर खोडात ढोली होती. तिचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मधे नुसती एक उभी फट. थोड्या वेळाने करड्या रंगाचा धनेश आला. चोचीच्या टोकात उंबराचं फळ होतं, ते त्याने फटीतून आत दिलं. आतून दुसऱ्या चोचीने ते घेतलं. मग त्याने गळ्यातून दुसरं फळ काढलं, मग तिसरं. धाकू मोजू लागला, सवयच होती ती. चौदा फळं झाली. धनेशाने स्वतःसाठी एकही ठेवलं नाही.

"मादी आत आसा," बाबल हळूच म्हणाला. "दार लिंपून घेतल्यान आणि जुनी पिसां झाडून बसली. तिका उडूक येवचा नाय. ह्यो गेलो तर ती आणि पिल्लां उपाशी मरतली." आणि त्याने बंदूक खांद्याला लावली. राजाचा हुकूम होता, त्याचा तरी काय इलाज?

धाकूला पुस्तक आठवलं. वडिलांनी मरताना ते त्याच्या मांडीवर ठेवलं होतं. ते दुसऱ्याच्या घरात गेलेलं त्याला पाहवणार नव्हतं. पण त्याने बंदुकीच्या नळीवर हात ठेवला आणि ती खाली केली.

मग आठ दिवस तो त्या झाडाखाली बसून राहिला. खालून जेवढा दिसला तेवढा धनेश त्याने काढला. तांबूस, टक्क उघडा डोळा, चोचीत उंबर, समोर ती फट. पाठ दिसली नाही, ती कोरी ठेवली. पिसांच्या आकड्याच्या जागी लिहिलं, 'मोजली नाहीत.'

राजाने पान पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. दोनशे पानांवर आकडा आहे, मग इथेच का नाही, असं त्याने विचारलं.

"मोजायला मारावा लागला असता, महाराज. ढोलीत त्याचं सगळं घर त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलंय."

"म्हणजे आमच्या आजोबांचं पुस्तक अर्धं राहिलं तरी चालेल?"

धाकूने मान खाली घातली. "होय, महाराज."

पुस्तक काढून घेतलं गेलं. धाकू घरी बसून लाकडी पाट रंगवू लागला. पण रोज सकाळी भाकरी बांधून तो रानात जाऊन येई. चित्राचं काम संपलं होतं, तरी आज धनेश आला की नाही हे पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. भागी थट्टेने म्हणायची, "माका कधी एक फळ तरी हाडलात?" आणि जास्तीची चटणी भाकरीवर ठेवायची.

एके दिवशी ढोलीचं लिंपण आतून फुटलं. मादी बाहेर आली, नवी कोरी शेपटी सावरत फांदीवर बसली. फुटलेल्या लिंपणाबरोबर तिची जुनी, झडलेली पिसं भिरभिरत खाली पडली. शेपटीची लांब पिसं नराच्या शेपटीसारखीच टोकाशी पांढरी होती. धाकूने ती एकेक वेचली, उपरण्यात बांधली आणि तडक राजवाड्यात जाऊन राजापुढे ठेवली.

राजाने ती स्वतः मोजली. दहा भरली. त्याने पुस्तक मागवलं, धनेशाचं पान उघडलं आणि त्या उघड्या डोळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग मागची पानं उलटली. एक, दोन, दहा, वीस. सगळे डोळे मिटत आलेले.

"आजोबांना पाखरं फार आवडायची," तो म्हणाला. "आणि त्यांच्या नावाने आम्ही एवढी मारली."

त्याने पुस्तक धाकूच्या हातात दिलं. धाकूला रडू आवरलं नाही. त्याने तिथेच बसून 'मोजली नाहीत' हे शब्द खोडले आणि आकडा लिहिला.

"आता हुदहुद्याचं पान नव्याने काढ," राजा म्हणाला. "बंदूक नको. या खेपेला झाडाखाली आम्हीही बसू."

तात्पर्य: जीव घेऊन जे कळतं ते अर्धंच असतं, जीव लावून वाट पाहिली, तर उरलेलं अर्धं आपणहून हाती येतं.