रंगारणीची मान

लहानथोरांनो, ऐका, ऐकू येत नसेल तर वाचा. गावाची बातमी दवंडीनं फिरायची, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

नदीकाठच्या एका गावात एक रंगारीण राहायची. तरुणपणी तापात तिचे कान गेले. बोलता येत होतं, समोरच्याच्या ओठांवरून थोडंफार कळायचं. सुरुवातीला ती विचारायची, "काय म्हणालात?" लोक म्हणायचे, "काही नाही, जाऊ दे."

दहा वर्षं ते 'जाऊ दे' बघून बघून ती थकली. मग तिनं सोपी वाट धरली. समोरचा हसला की हसायचं, थांबला की मान डोलवायची. संध्याकाळी मान दुखायची.

एकदा चावडीवर पाटलांनी तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं. तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी घाटावर तिच्या कपडे धुण्याच्या दगडाशी गावची गुरं उभी होती.

"ही माझी जागा आहे!" ती ओरडली.

शेजारीण तिच्या तोंडासमोर आली. "अगं, गुरांच्या पाण्यासाठी घाटावरची जागा सोडतेस का, असं पाटलांनी विचारलं होतं. तूच हो म्हणालीस की!"

गढूळ पाण्यात रंग खुलेना. ओली लुगडी डोक्यावर घेऊन ती कोसभर लांबच्या डोहावर जाऊ लागली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

एके दिवशी रंगाच्या हंड्याला भोक पडलं, म्हणून ती बाजारगावच्या तांबट आळीत गेली. तिथं दिवसभर हातोडे चालत. ठोकून ठोकून बहुतेकांचे कान गेलेले, त्यामुळे सगळी आळी हातांनी बोलायची. दुपारी सगळे पारावर जमायचे. थट्टा, भांडणं, सोयरिकी, सगळं हातांनीच.

रंगारीणही तिथं टेकली. सगळे हसले, तशी तीही हसली आणि तिनं मान डोलावली.

एका म्हाताऱ्या तांबटिणीनं सगळ्यांना थांबवलं आणि तिला खुणेनं विचारलं, "काय कळलं तुला?"

रंगारणीनं नकारार्थी मान हलवली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.

म्हातारीनं तळहात वर करून दाखवला. आळीचा नियमच होता: न कळलेल्यानं हात वर करायचा आणि बोलणाऱ्यानं पहिल्यापासून सांगायचं. जो कंटाळेल, त्यानं साऱ्या पाराला ताक पाजायचं.

सांगणाऱ्यानं हातवारे करून पुन्हा पुन्हा दाखवलं, तेव्हा तिसऱ्यांदा तिला कळलं. एका तांबटानं सासऱ्याला भेट दिलेला तांब्या गळका निघाला होता. विनोद काही फारसा चांगला नव्हता. पण ती पोट धरून हसली.

मग दर बाजाराला ती पारावर बसू लागली.

काही महिन्यांनी चावडीवर पाटलांनी पुन्हा तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं. तिनं हात वर केला. "कळलं नाही. पुन्हा सांगा."

"जाऊ दे गं," पाटलांचे ओठ हलले.

हात वरच राहिला. खांदा भरून आला, तरी तिनं तो खाली घेतला नाही.

मागे बसलेल्या म्हाताऱ्या सुतारानं हळूच हात वर केला. "पाटील, मलाही ऐकू आलं नाही. सहा वर्षं झाली, मी नुसताच मान हलवतोय."

मग आणखी दोन हात वर गेले. पाटील ओशाळले. त्यांनी पहिल्यापासून, सावकाश, सगळ्यांकडे तोंड करून सांगितलं.

"आता माझं," रंगारीण म्हणाली. "घाटावरची जागा मी सोडली नव्हती. मला प्रश्नच कळला नव्हता."

गुरं घाटाच्या खालच्या अंगाला गेली आणि तिचा दगड तिला परत मिळाला. त्या दिवशीही ती दमूनच घरी आली. मान मात्र दुखत नव्हती.

तात्पर्य: न कळता मान डोलावणारा आपली जागा गमावतो, आणि 'कळलं नाही' म्हणायचं बळ त्याला आपल्यासारख्यांच्या पारावर मिळतं.