जप्तीचा कागद

गावाचं नाव सांगत नाही, कारण ते साहेब अजून खुर्चीत आहेत. त्यांचा आवाज चढला की आरटीओतले आम्ही कारकून टेबलाखाली काहीतरी शोधू लागायचो.

शैलाबाई मगदूम नोकरीसाठी कर्नाटकातून इकडे आल्या. पोलिओमुळे मागे दोन जादा चाकं जोडलेल्या स्कूटरशिवाय त्यांना घराबाहेर पडता येत नसे. स्कूटरच्या इथल्या नोंदणीसाठी त्या आमच्याकडे पाचव्यांदा आल्या, तेव्हा साहेब गरजले, "कर्नाटकच्या आरटीओची ना-हरकत आणलीत, म्हणजे गाडी तिकडची राहिली नाही. तपासणी नाही, म्हणजे इथलीही नाही. जप्तच करतो!"

"मग तपासा ना, साहेब. दारातच उभी आहे."

"तपासणीला सवड नाही!"

स्कूटर गेली की नोकरी गेली. बाईंनी पेन पुढं केलं.

"करा जप्त. पण कागदावर चासी नंबर, इंजिन नंबर स्वतः बघून लिहाल ना? खाली सही कराल?"

"करणारच! मला काम शिकवता?"

"नाही साहेब. तोच कागद वरच्या साहेबांना दाखवून विचारीन, तपासणीत याहून वेगळं काय बघतात? आणि जप्तीला सवड कुठून मिळाली?"

साहेब उठून दारात गेले, वाकून नंबर पाहिले आणि तपासणीच्या कागदावर सही केली. त्यांना वाकलेलं आम्ही तेव्हा प्रथमच पाहिलं, तेही टेबलाखालून.