तीन कांड्यांचा राजपुत्र

एका राज्यात राजा लढाईवर गेला होता आणि राणी इंदुप्रभा घरी जळत होती. विरहाने नव्हे, मत्सराने. तिचा सात वर्षांचा रत्नकेतू ठेच लागली की "आई गं" म्हणायचा नाही, "वाल्हे!" म्हणायचा. वाल्ही त्याची दाई, रानातली बाई. तिच्या दुधावर तो वाढला होता. राणीने त्याला सोन्याचा पाळणा दिला, चांदीचा घोडा दिला. हाक मात्र दाईला. आता जिवाची लाही होणार नाही तर काय!

एके दिवशी रत्नकेतूने कालजंघ मांत्रिकाच्या बागेतली फुलं ओरबाडली. मांत्रिक म्हणाला, "आता तूच फूल होऊन बघ." त्याच क्षणी राजपुत्राची आमरी झाली, झाडाच्या फांदीवर वाढणारं फुलझाड. वाड्यापुढच्या आंब्याच्या फांदीला चिकटलेली, तीन जाड कांड्यांची. मांत्रिकाची साळुंकी शेजारच्या डहाळीवर येऊन बसली आणि बोलली.

"हा फुलला तर माणूस होईल. चुकाल तर प्रत्येक चुकीला एक कांडी जाईल. तिन्ही गेल्या, की मुलगा गेला. पानं गळतील तेव्हा पाणी नको. कोंब येईल तेव्हाही नको. कोंबाची मुळं बोटभर झाली, की रोज सकाळी भरपूर."

"झारी माझ्या हाती राहील," राणी म्हणाली. "आई मी आहे."

पाऊस सरला, गारवा आला. पानं पिवळी पडून गळाली. कांड्या सुरकुतल्या. वाल्ही रोज झाडाखाली बसून आमरीशी बोलायची.

"पाणी नको हं, राणीसरकार. तो निजलाय. रानात याला चार महिने कोण पाजतं?"

"रानातलं शहाणपण मला नको."

राणीच्या मनाने घेतलं, की ही आपल्याला लेकरापासून तोडते आहे. स्वतः दिवसभर गप्पा मारते आणि आईने हातसुद्धा लावायचा नाही! वाल्ही जेवायला गेली तशी राणीने अख्खी झारी रिकामी केली. आठवड्याच्या आत पहिली कांडी मऊ पडली, काळी झाली आणि गळून खाली आली. राणी दोन दिवस अन्नाला शिवली नाही.

पुढे ऊन तापू लागलं. दुसऱ्या कांडीच्या बुडाशी हिरवा कोंब आला, आणि तो आधी दिसला वाल्हीला. "राणीसरकार, जाग आली!" ती ओरडली. तिलाच का दिसावा? राणीचा तिळपापड झाला.

"आता तरी पाजू ना?"

"अजून नको. मुळंच नाहीत, पिणार कशाने? आत्ता तो कांडीतलंच पाणी पितोय."

राणीला ऐकू आलं ते एवढंच, की माझ्यावाचून याचं भागतं. दुसऱ्या सकाळी तिने कोंबावर झारी ओतली. पाणी कोंबाच्या पोटात साचलं, कोंब कुजला आणि त्याच्यासकट दुसरी कांडी गेली.

साळुंकी म्हणाली, "एक उरली."

राणी झारी घेऊन वाल्हीपुढे उभी राहिली. मग मांत्रिकाशी झुंजण्याहून अवघड काम तिने केलं.

"वाल्हे, झारी तू घे. तू त्याच्यापाशी बसतेस ते मला बघवत नाही, आणि त्यापायी मी त्याला मारते आहे."

वाल्हीने झारी घेतली. "बरं," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या कांडीलाही कोंब फुटला. राणी लांब ओट्यावर बसायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मुळं आली, पांढरी, टोकाला हिरवी. नखाएवढी झाली, पेराएवढी झाली, बोटभर झाली. तेव्हा कुठे वाल्हीने झारी भरभरून ओतली, आणि मग रोज सकाळी. सुरकुतलेली कांडी टच्च भरली. राणी बघत होती, जळत होती, पण जागची हलली नाही.

एका सकाळी जांभळा तुरा उमलला आणि फांदीवरून रत्नकेतूने खाली उडी मारली. धावत जाऊन त्याने वाल्हीच्या गळ्याला मिठी घातली. राणीच्या काळजात कळ गेली. तरी ती बसून राहिली.

मग पोराने ओट्याकडे मान वळवली. "आई, तहान लागलीय."

राणी धावली, तिने पेला भरला आणि अर्ध्या वाटेत थबकली.

"वाल्हे, देऊ का गं?"

"द्या, राणीसरकार. आता तो मागतोय."

राजपुत्राने घटाघटा तीन पेले रिचवले. साळुंकी उडून गेली, राजा जिंकून परतला, राज्याची घडी बसली. त्या दुपारी पोर निजलं मात्र वाल्हीच्याच मांडीवर. राणी शेजारी बसून जळली, आणि तिने त्याला उठवलं नाही.