कासारणीने उलगडलेलं गाणं

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा राजे पुष्कळ होते आणि शहाणे आत्ताइतकेच कमी होते.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. न कळणारं गाणं वेशीच्या आत गायचं नाही. त्यात शाप दडलेला असला तर? कुणी परका गाणारा आला, की गावातल्याच माणसाने पुढे होऊन अर्थ सांगायचा. अर्थ वाईट निघाला, तर गाणाऱ्याला हाकलायचं आणि सांगणाऱ्यालाही गावाची दारं बंद.

मग पुढे कोण होतंय? गाणारे वेशीवरूनच परत जात.

एकदा एक म्हातारा फकीर आला. वेशीपाशी बसला आणि गायला लागला. भाषा उर्दू. कुणाला एक अक्षर कळेना. पण विहिरीवरच्या बायकांचे हात दोरावरच थांबले.

पाटील म्हणाला, "उठा बाबा. पुढचं गाव धरा."

गर्दीत एक कासारीण होती. मुलुखभर बाजार करून बांगड्या विकायची, म्हणून तिला ती भाषा यायची. ती म्हणाली, "थांबा. अर्थ मी सांगते."

तिच्या जावेने तिचा पदर ओढला. "अगं भवाने, तुझं पोट या गावावर आहे. दारं बंद झाली तर बांगड्या काय म्हशींना भरशील?"

"भरीन," कासारीण म्हणाली, आणि पुढे झाली.

"हा म्हणतो, मी घर सोडलं. लाज सोडली. तुझ्या गल्लीत येऊन उभा राहिलो. लोक दगड मारतात, पण मी हलत नाही."

गाव खो-खो हसलं. "दाढी पिकली तरी बाईचा नाद सुटला नाही म्हणायचा," एकजण म्हणाला.

"झालं तर," पाटील म्हणाला. "दोघंही चालू लागा."

कासारणीचं तोंड उतरलं. शब्द तर सगळे बरोबर होते, मग गाणं गेलं कुठे? बांगडी फोडून काचा हातावर ठेवाव्यात, तसं तिने केलं होतं.

"पाटील, चूक माझी आहे, बाबांची नाही. एकदा अजून सांगू द्या."

पाटलाची आई काठी टेकून उभी होती. ती म्हणाली, "सांगू दे की रे. तुझं काय दूध उतू चाललंय?"

कासारीण फकिरासमोर बसली. "बाबा, ही गल्ली कुणाची?"

फकीर म्हणाला, "बेटी, त्याची नाही अशी एक तरी गल्ली मला दाखव."

कासारणीच्या अंगावर काटा आला. मग त्या गावच्या बायका जात्यावर गातात त्या चालीत तिने हळूच म्हटलं:

सोडलं मी घरदार, सोडली जनलाज,
सख्या, तुझ्या गल्लीमधी उभी राहिले मी आज.
दगड मारिती लोक, मी ओटीत झेलिले,
तुझ्या वाटेचे म्हणूनी फुलांपरी माळिले.

कुणी हसलं नाही.

पाटलाची आई म्हणाली, "देवापुढे बसल्यावर मला हेच म्हणायचं असतं. जन्म गेला, शब्द सापडले नाहीत." मग ती फकिराकडे वळली. "बाबा, आता तुमच्या बोलीत म्हणा."

फकीर गायला. तेच गाणं, तोच आवाज. पण मघाशी जो नुसता आवाज होता, त्याला आता डोळे फुटले होते आणि तो एकेकाकडे बघत होता. माणसं होती तिथेच मातीत बसली. पाटलाने पागोटं कधी उतरवलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कासारीण तर थक्कच झाली. आपल्या चार ओळींत न मावलेलं केवढं तरी त्या गाण्यात अजून होतं. चाळणीतून आभाळ बघावं, तेवढंच तिने गावाला दाखवलं होतं. आणि तेवढ्यानेही गाव भरून गेलं होतं.

गावाने ती रीत मोडली. पुढे जो जो गाणारा आला, त्याला आधी आत घेतलं, पाणी दिलं. कासारीण शेजारी बसायची. गाणं दोनदा व्हायचं, एकदा गावाच्या बोलीत आणि मग त्याच्या स्वतःच्या.

तात्पर्य: कळत नाही म्हणून कुणाच्या गाण्याला हाकलू नका, अर्थ विचारा, तुमच्याच मनातलं कुणीतरी दुसऱ्या भाषेत आधीच गाऊन ठेवलेलं असतं.